वस्तीवरचे कुत्रे : नाव ठेवा, नोंद ठेवा, लस टोचा



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांविषयी लिहितो. ऊस विकास विभागाने कुत्र्यावर लेख लिहावा याचे काहींना हसू येईल. "शेतकी खात्याला आता एवढंच काम राहिलं का?" असेही कोणी म्हणेल. पण नोंदीसाठी, पाहणीसाठी किंवा तोडणीची तारीख सांगण्यासाठी आम्ही ज्या ज्या वस्तीवर जातो, तेथे आमच्या सामोरा सभासदाच्या आधी कुत्रा येतो. मोटारसायकल बांधावरच थांबवून आम्ही हाक देतो, "अहो, कुत्रं धरा!" आतून आवाज येतो, "या या, काय करत नाही ते." मग आम्ही विचारतो, "लस टोचलीय का?" यावर बहुतेक वेळा कोणी बोलत नाही. नाहीतर उत्तर मिळते, "ते काय आमचं नाही, असंच राहतंय हितं."

आजचा लेख या शेवटच्या उत्तराविषयी आहे.

कुत्रे कोणाचे?

जे कुत्रे तुमच्या दारची भाकरी खाते, रात्री तुमच्या गोठ्यापुढे बसते आणि तुमच्या शिवारात शिरणाऱ्या परक्या माणसावर भुंकते, ते तुमचे. विकत आणलेले असो, पाहुण्याने दिलेले असो की पावसाळ्यात आपणहून येऊन राहिलेले असो. भाकरी घालताना आमचे आणि चावल्यावर गावाचे, हा हिशेब बरोबर नाही.

आपल्याकडे उसाची नोंद कशी होते ते पाहा. सभासदाचे नाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. नोंद नसेल तर रानात ऊस उभा असूनही तोडणीच्या यादीत नाव येत नाही. कुत्र्याचेही तसेच आहे. त्याला नाव नाही, ते कोणत्या महिन्यात जन्मले ते ठाऊक नाही, जंताचे औषध कधी दिले ते कोणाला आठवत नाही, असे असेल तर त्याला लस कोण टोचणार? 'आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय' म्हणतात तसला हा कारभार झाला. म्हणून आम्ही सुरुवात नावापासून करतो.

नाव कसे ठेवावे

आपल्या भागात कुत्र्यांची जुनी नावे ठरलेली आहेत. मोत्या, वाघ्या, राजा, काळ्या, खंड्या. कुत्री असेल तर राणी नाहीतर चिंगी. 'वाघ्या' या नावाला जेजुरीचा आधार आहे. खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि त्याच्या भक्तालाही वाघ्याच म्हणतात. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात, त्यांना चार वेद मानतात. महाभारताच्या शेवटी धर्मराजाची साथ अखेरपर्यंत कुत्र्याने केली आणि त्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराजाने नकार दिला. तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावणारे नामदेव महाराज तर घरोघर ठाऊक आहेत. एवढा मान ज्या प्राण्याला आपण देतो, त्याला निदान एक नाव द्यायला हरकत नसावी. हल्ली टायगर, रॉकी, शेरू, ब्रूनो ही नावे वाढली आहेत. तीही चांगली. कुत्र्याला नावाच्या अर्थाशी देणेघेणे नसते, आवाजाशी असते.

त्यासाठी चार गोष्टी पाहाव्यात. नाव दोन अक्षरी किंवा फार तर तीन अक्षरी असावे, म्हणजे रानातून हाक मारताना तोंडात बसते. घरातल्या मुलाच्या नावाशी जुळणारे नसावे. 'बस', 'थांब', 'नको' या हुकमांसारखे ऐकू येणारे नसावे. आणि शेजारच्या तीन वस्त्यांवर मोत्या असेल तर चौथा मोत्या करू नये. एका हाकेला चारही धावून येतात आणि भाकरी एकच असते. निवडणुकीतल्या विरोधकाचे किंवा भाऊबंदाचे नाव कुत्र्याला ठेवून मोठ्याने हाका मारण्याची हौस काही ठिकाणी दिसते. ती टाळावी. भांडण माणसांचे, कुत्र्याच्या माथी कशाला?

नाव ठरले की घरातल्या सर्वांनी तेच वापरावे. नाव घेऊन जवळ बोलवावे आणि आल्यावर भाकरीचा तुकडा किंवा शाबासकी द्यावी. नाव घेऊन बोलवायचे आणि मारायचे, असे कधीही करू नये. तसे केले की पुढे हाक ऐकल्यावर कुत्रे लांब पळते, आणि लस टोचायच्या दिवशी ते तुमच्या हाताला लागत नाही.

पिल्लू आणताना

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. आईच्या पहिल्या दुधातून त्याला रोगांशी लढण्याची ताकद मिळते आणि चावताना किती जोर लावायचा हे ते भावंडांबरोबर खेळता खेळता शिकते. लवकर तोडलेले पिल्लू पुढे भित्रे किंवा चावरे होण्याची शक्यता जास्त.

जातीविषयी आमचे मत स्पष्ट आहे. मळ्यातील राखणीला आपले गावठी कुत्रे उत्तम. ऊन, पाऊस, साधे खाणे यांवर ते टिकते. पळणारा, सडपातळ हवा असेल तर आपल्याकडचा कारवानी आहे. त्याच्याच नात्यातला मुधोळ हाउंड घटप्रभेच्या काठच्या ऊसवाल्या भागातला. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटे काढली, त्यात मुधोळ हाउंड होता. या जातींना रोज पळायला मोकळे रान लागते. साखळीला बांधून ठेवायचे असतील तर आणू नयेत. मुलांच्या हट्टापायी दाट केसांचा हस्की किंवा सेंट बर्नार्ड आणून त्याला पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मेच्या उन्हात ठेवणे हा त्या जिवाचा छळ आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंगातील उष्णता बाहेर टाकते. सावली आणि चोवीस तास पाणी ही कोणत्याही जातीची पहिली गरज.

जंत आणि लसी

पिल्लाला दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि नंतर दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. हे केवळ कुत्र्यासाठी नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून पडणारी जंतांची अंडी मातीत राहतात आणि अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. बकरे कापल्यावर त्याचे कच्चे काळीज, फुप्फुस कुत्र्यापुढे टाकण्याची पद्धत बंद करावी. त्यातून एका बारीक फीतकृमीचे चक्र चालू राहते आणि माणसाच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात.

लसी दोन प्रकारच्या. पहिली एकत्रित लस. ती सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला सुरू करतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत पुन्हा देतात आणि नंतर वर्षातून एकदा. तिच्यात डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरा यांच्यापासून संरक्षण असते. दुसरी रेबीजची. ती तिसऱ्या महिन्यात, पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा आणि मग दरवर्षी.

पार्व्होने पिल्लाला रक्ताची हगवण व उलट्या लागतात आणि दोन-तीन दिवसांत ते जाते. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने जिवंत राहतो. म्हणून पिल्लू मेलेल्या जागी लगेच दुसरे आणले तर तेही जाते, आणि लोक म्हणतात, "आमच्या वस्तीवर कुत्रं लाभत नाही." लाभत नाही असे काही नसते. जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी आणि पुढचे पिल्लू लस पूर्ण झालेले आणावे.

लेप्टोचा तर थेट उसाशी संबंध आहे. उंदराच्या मुतातून हे जंतू चिखलात व साठलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून शरीरात शिरतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये १९३४-३५ च्या सुमारास ऊसतोड मजुरांत याच रोगाची साथ होती. उंदरांचा नायनाट व्हावा म्हणून ऊस जाळून मगच तोडावा, या मागणीसाठी १९३५ साली तेथे मोठा संप झाला. आपल्या फडातही उंदीर आहेतच. त्यांच्यामागे धावणारा, त्याच सरीतले पाणी पिणारा तुमचा कुत्रा हा रोग अंगणात आणू शकतो. कुत्र्याला कावीळ झाली, लघवी तांबडी झाली, ते खाईना झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि त्याची लघवी उघड्या हाताने साफ करू नये.

लस टोचणे म्हणजे बेणे प्रक्रियेसारखे आहे. कांडी उगवून रोगट निघाल्यावर बेणे प्रक्रिया करता येत नाही. अजून एक सूचना. लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात राहिली तरच कामाची. दुकानातून बाटली घेऊन शर्टाच्या खिशात घालून उन्हातून आणली तर टोचले काय आणि न टोचले काय सारखेच. बर्फात आणावी, किंवा कुत्र्यालाच दवाखान्यात न्यावे हे बरे.

रेबीज

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. रेबीजची लक्षणे माणसात किंवा जनावरात एकदा दिसू लागली की खात्रीचा उपचार नाही. मृत्यू जवळजवळ ठरलेला. पण चावल्यानंतर लगेच आणि पूर्ण उपचार घेतला तर तो तितक्याच खात्रीने टळतो. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो. म्हणजे कुत्र्यांना लस टोचली की रोगाचे मूळच तुटते. गोव्यात २०१३ पासून दरवर्षी गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचण्याची मोठी मोहीम चालली, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. एखाद्या भागातील १०० पैकी ७० कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या गटातील वस्त्यांनी मनावर घेतले तर हे अवघड नाही.

पिसाळलेले कुत्रे नेहमी धावूनच येते असे नाही. आवाज बदलतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, माती-लाकूड खाते, ओळखीच्या माणसावर गुरगुरते. किंवा उलट, नुसते अंधारात जाऊन पडून राहते. हे गप्प कुत्रेही तितकेच घातक. कुत्रे पाणी पिते म्हणजे ते पिसाळलेले नाही, ही समजूत चुकीची आहे.

कुत्रे चावले, नखाने ओरखडले किंवा जखमेवर चाटले तर असे करावे :

१. जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून १५ मिनिटे. मळ्यातील मोटारीचे पाणी आणि कपड्याचा साबणही चालेल.

२. मिरचीपूड, चुना, तेल, हळद, पाला यांतले काहीही भरू नये. जखम बांधू नये.

३. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. लस मोफत मिळते. पोटातील चौदा इंजेक्शनांची भीती आता सोडावी. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात देतात. त्वचेत दिली तर पहिल्या दिवशी व त्यानंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत दिली तर १४ व्या दिवशी आणखी एक. रक्त आले असेल तर जखमेच्या भोवती एक वेगळे इंजेक्शन देतात, ते विचारून घ्यावे.

४. मांत्रिक, उतारा, रस काढून पिणे यांत एक दिवसही घालवू नये. विषाणू शिरांतून मेंदूकडे सरकत असतो. लक्षणे दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्ष. या मधल्या काळात माणूस ठणठणीत दिसतो, म्हणून देवऋषाला यश आल्यासारखे वाटते. लहान मुलांना तोंडाला, मानेला चावा बसतो आणि तेथून मेंदू जवळ, म्हणून त्यांच्या बाबतीत तर तासही मोलाचा.

५. चावलेल्या कुत्र्याला मारू नये. बांधून दहा दिवस नजर ठेवावी. ते दहा दिवस धडधाकट राहिले तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे डॉक्टर धरतात. पण इंजेक्शन सुरू करायला या दहा दिवसांची वाट पाहू नये.

आता गोठ्याकडे वळू. गाय, म्हैस, बैल यांनाही कुत्र्याच्या चाव्यातून रेबीज होतो. जनावर घोगऱ्या आवाजात सारखे हंबरते, लाळ गाळते, घास गिळत नाही. आपल्याला वाटते घशात काही अडकले, म्हणून आपण तोंडात हात घालतो. आम्ही हात जोडून सांगतो, तो हात घालू नका. लाळेत रोग असतो आणि बोटाला चीर असली तरी पुरते. डॉक्टरांना बोलवा. असे दूध कोणालाही देऊ नका. जनावराला चावा बसल्याचे दिसले असेल तर त्यालाही लगेच लसीचा कोर्स देता येतो. लाखाची म्हैस आणि घरातील माणूस वाचवायचे असेल तर कुत्र्याची वर्षाची एक लस कितीतरी स्वस्त पडते.

गोचीड आणि आपली शेतीची औषधे

हा विषय आमच्या खात्याचा, म्हणून जरा कडक बोलतो. गोचिडांमुळे कुत्र्याला ताप येतो, नाकातून रक्त येते, हिरड्या पांढऱ्या पडतात, ते खंगते. उपाय केला पाहिजे हे खरे. पण उसासाठी आणलेले क्लोरपायरीफॉस किंवा उरलेले दुसरे कीटकनाशक पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगावर ओतणे हा उपाय नव्हे, तो विषप्रयोग आहे. कुत्रे अंग चाटते. लाळ गळणे, अंग थरथरणे, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होणे, फेफरे येणे ही विषबाधेची लक्षणे. फिप्रोनिल हे नाव खोडकिडीच्या औषधावरही असते आणि कुत्र्याच्या गोचिडाच्या औषधावरही. पण दोन्हींची तीव्रता आणि मिश्रण वेगळे. रानातले रानात, दवाखान्यातले अंगावर.

गोचिडाची मादी कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या फटीत, शेणकुटाच्या ढिगात हजारो अंडी घालते. म्हणून नुसते कुत्रे साफ करून भागत नाही. गोठ्याच्या फटी बुजवाव्यात, चुना मारावा, बसायची जागा झाडून उन्हात टाकावी. गोचीड बोटांनी चिरडू नये, चिमट्याने सरळ उपटून साबणाच्या पाण्यात टाकावी.

उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवाल तेव्हा कुत्रे बांधून ठेवा, कारण गोळी खाल्ली तरी आणि मेलेला उंदीर खाल्ला तरी ते जाते. ब्रोमॅडिओलोन ठेवले असेल तर विषाचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, रक्त गोठेनासे होते. पाकीट जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यावर व्हिटॅमिन केचा उपचार आहे.

खाणे

नुसत्या भाकरी-ताकावर कुत्रे जगते, पण अंग धरत नाही. भाकरीबरोबर अंडे, डाळ, शिजवलेले मांस-मासे यांतले काही हवे. गाभण व पाजणाऱ्या कुत्रीला खुराक वाढवावा. शिजवलेली कोंबडीची हाडे देऊ नयेत. ती चिरफळून आतड्यात रुततात. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, म्हणून रश्शात कालवलेली भाकरी रोजची नको. द्राक्षे आणि बेदाण्याने मूत्रपिंड बंद पडू शकते, हे द्राक्षबाग असणाऱ्या सभासदांनी विशेष ध्यानात घ्यावे. चॉकलेट विषारी आहे. आणि गुळाचा खडा, पेढा, साखर ही माया दाखवायची रीत कुत्र्याच्या बाबतीत नको. साखर कारखान्याच्या माणसाने हे सांगावे याची गंमत वाटेल, पण साखर माणसांनी खावी.

रात्र, बिबट्या आणि रस्ता

आडसाली ऊस उभा राहिला की बिबट्याला आडोसा मिळतो. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा शास्त्रीय अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. म्हणजे उघड्यावर साखळीला बांधलेले कुत्रे ही राखण नव्हे, ते आमिष आहे. बिबट्या कुत्र्यासाठी अंगणात येतो आणि अंगणात आपली मुले असतात. ज्या भागात वावर आहे तेथे रात्री कुत्रे दाराच्या आत किंवा पक्क्या जाळीच्या खोलीत ठेवावे. आतून भुंकले तरी राखण होतेच. वस्तीभोवती उष्टे-खरकटे, मेलेली कोंबडी टाकू नये. त्यावर मोकाट कुत्री जमतात आणि त्यांच्यामागे बिबट्या.

हंगामात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे धावणारी कितीतरी कुत्री चाकाखाली जातात. ट्रॉलीला आपण चमकणारी पट्टी लावतो, तशीच दोन बोटांची पट्टी कुत्र्याच्या गळपट्ट्याला शिवावी. दुचाकीवाले सभासदही वाचतील.

पैदास

कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि ६३ दिवसांच्या आसपास विते. एका वेताला चार-सहा पिल्ले. त्यांतली नर पिल्ले लोक नेतात आणि मादी पिल्ले पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडली जातात. दुसरे गावही तेच करते. म्हणजे पोती फिरतात, कुत्री कमी होत नाहीत. कुत्रीची नसबंदी ही एकदाच करायची शस्त्रक्रिया. ती केल्याने राखण कमी होत नाही. नराचेही करून घ्यावे. माजाच्या दिवसांत त्यांचे भटकणे आणि चावाचावी कमी होते. भटक्या जोडीतून लागणारी गाठही, म्हणजे लघवीच्या जागी रक्त ठिबकणारी फुलकोबीसारखी वाढ, टळते. ती झालीच तर कुत्रे सोडून देऊ नका. डॉक्टर आठवड्याला एक याप्रमाणे काही इंजेक्शने देतात आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात.

तोडणी टोळीची कुत्री

हंगामात टोळ्या येतात, त्यांच्या कोप्यांबरोबर कुत्रीही येतात. दिवसभर आईबाप फडात आणि कोपीपाशी चिल्लीपिल्ली व कुत्रे, असा संसार असतो. तेथे एखाद्या पोराला चावा बसला तर सांगायला कोण? पहिले इंजेक्शन एका गावात घेतले, चार दिवसांनी टोळी दुसऱ्या फडावर गेली आणि पुढची इंजेक्शने राहून गेली, असे होऊ नये. ज्या सभासदाच्या रानात टोळी उतरली आहे त्याने आपल्या कुत्र्याच्या लसीबरोबर कोपीवरच्या कुत्र्याचीही लस करून घ्यावी. चावा झाला असेल तर पुढच्या तारखा चिठ्ठीवर लिहून मुकादमाकडे आणि आमच्या चिटबॉयकडे द्याव्यात. टोळी कोठे हलली हे आमच्या विभागाला ठाऊक असते. निरोप पोचवणे हे आमचे काम. हंगाम संपल्यावर मागे राहिलेली पिल्ले 'टोळीची' म्हणून ओळखली जातात, पण टोळी गेलेली असते. ती आता आपली.

नोंद

आडसाली लागण आणि तिचे दोन खोडवे मिळून साधारण साडेतीन वर्षे होतात. चांगले सांभाळलेले कुत्रे बारा वर्षांपर्यंत जगते, म्हणजे एकाच प्लॉटच्या अशा तीन फेऱ्या ते पाहते. तेवढ्या काळात घरातील शाळकरी पोरगा नांगर धरू लागतो. म्हातारपणी त्याची नजर जाते, दात जातात, हाक ऐकू येत नाही. ते भुंकत नाही म्हणून त्याला बाजारच्या दिवशी लांब सोडून येऊ नये. भिजवलेली भाकरी आणि गोठ्याचा कोपरा एवढेच त्याला हवे असते.

ऊस बिलाचे पासबुक घरात जेथे ठेवता तेथे एक वही ठेवा. पहिल्या पानावर कुत्र्याचे नाव, रंग, जन्माचा महिना लिहा. खाली तीन रकाने आखा : जंताचे औषध, एकत्रित लस, रेबीजची लस. पुढची तारीख लिहा आणि मोबाइलवर गजर लावा. ही वही घरातील शाळेत जाणाऱ्या मुलामुलीच्या ताब्यात द्या. मोठ्यांपेक्षा ती चोख ठेवतात, असा आमचा अनुभव आहे.

यंदा नोंदीला आमचे शेतकी मदतनीस येतील तेव्हा उसाच्या नोंदीनंतर ते दोन प्रश्न जादा विचारतील : कुत्र्याचे नाव काय, आणि रेबीजची लस कोणत्या महिन्यात टोचली? ज्या वाडीवर दहा-पंधरा कुत्री होतील तेथील यादी आम्ही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे देऊ आणि एका दिवशी सर्वांना लस मिळावी अशी विनंती करू. त्या दिवशी कुत्रे धरून आणणे मात्र सभासदाचे काम. ते तुमच्या हाकेला येते, आमच्या नाही.

— ऊस विकास अधिकारी